ऑटिस्टिक मुलाचा राग: ओळखायचा कसा, सांभाळायचा कसा

माझा मुलगा पाच वर्षांचा असताना दिवसातून वीस वेळा "झालं हं, झालं झालं" म्हणायचा. जेवताना, बसमध्ये, घरात चार माणसं जमली की. ऐकायला गोड वाटायचं. काहीतरी संपल्याचं सांगतोय असं समजून आम्हीही हसून "हो रे, झालं" म्हणायचो. मग थोड्या वेळाने तो स्वतःच्या मनगटाला कडकडून चावायचा आणि आम्ही चक्रावून जायचो. आत्ता तर मजेत होता!

असं दीड वर्ष चाललं. मग एकदा रक्त तपासायला नेलं. सुई टोचणाऱ्या बाईंनी त्याचा दंड धरला आणि म्हणाल्या, "झालं हं, झालं झालं." तोच सूर, तीच चाल. माझ्या अंगावर काटा आला. अडीच वर्षांचा असताना त्याच्या हनुवटीला टाके पडले होते, तेव्हाही कुणीतरी हेच म्हणालं असणार. त्याच्या भाषेत "झालं हं" म्हणजे "दुखतंय, मला सहन होत नाहीये." तो रोज सांगत होता आणि आम्ही रोज हसून मान डोलावत होतो.

मुलगा आता चौदा वर्षांचा आहे. मधल्या काळात थेरपिस्ट, डॉक्टर, इतर पालक यांच्याकडून आणि सगळ्यात जास्त ऑटिस्टिक मोठ्या माणसांनी स्वतःच्या लहानपणाबद्दल जे सांगितलं त्यातून जे शिकले, ते इथे क्रमाने मांडते आहे. मराठीत स्वमग्नता हा शब्द आहे, पण घरात आणि शाळेत ऑटिझम, ऑटिस्टिक हेच शब्द रुळलेत, म्हणून मीही तेच वापरते. यातलं सगळं तुमच्या मुलाला लागू पडेलच असं नाही. पायऱ्यांचा क्रम मात्र शक्यतो बदलू नका.

हा राग वेगळा दिसतो म्हणजे काय

"मी चिडलोय" हे दोन शब्द म्हणायला किती गोष्टी जमाव्या लागतात, याचा आपण कधी विचार करत नाही. छातीतली धडधड जाणवायला हवी, ती धडधड म्हणजे राग हे कळायला हवं, त्याला शब्द सापडायला हवा, चेहऱ्यावर तो उमटायला हवा आणि समोरच्याचं लक्ष असताना तो शब्द तोंडातून निघायला हवा. ऑटिस्टिक मुलाच्या बाबतीत यातली कुठलीही कडी निसटू शकते.

पहिली कडी शरीराची. भूक, तहान, लघवीची भावना, धडधड या आतल्या संवेदना काही ऑटिस्टिक मुलांना फार उशिरा जाणवतात, तर काहींना एकदम असह्य होऊन. त्यापुढची अडचण म्हणजे स्वतःची भावना ओळखून तिला नाव देता न येणं. याला अलेक्सिथायमिया म्हणतात. २०१९ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात साधारण निम्म्या ऑटिस्टिक व्यक्तींमध्ये ती आढळली. इतरांमध्ये हे प्रमाण विसात एक इतकंच होतं. म्हणजे "काय झालं? का चिडलास?" या आपल्या प्रश्नाचं उत्तर त्या मुलाकडे खरोखरच नसतं. ते आपल्यापासून काही लपवत नसतं.

दुसरी कडी चेहऱ्याची. चिडलेलं मूल कपाळाला आठ्या घालेल, गाल फुगवेल अशी आपली अपेक्षा असते. ऑटिस्टिक मुलाचा चेहरा अशा वेळी अगदी कोरा राहू शकतो. काही मुलं हसतात. मोठमोठ्याने, थांबता न येणारं हसू. ते चिंतेचं हसू असतं, पण बघणाऱ्याला उर्मटपणा वाटतो आणि त्या हसण्यापायी मूल वर आणखी ओरडा खातं. काहीजण ऐकलेली वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणतात, आमच्या "झालं हं"सारखी. याला इकोलालिया म्हणतात. पूर्वी ही निरर्थक पोपटपंची मानून बंद पाडायचा प्रयत्न होत असे. १९८०च्या दशकात बॅरी प्रिझंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांनी दाखवून दिलं की त्या वाक्यांना हेतू असतो: मागणं, नकार देणं, स्वतःला शांत करणं.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि माझ्या मते हीच सगळ्यांत महत्त्वाची. कारण सकाळी घडतं आणि स्फोट संध्याकाळी होतो. शाळेत मूल सगळं गिळून "शहाण्यासारखं" बसतं. ट्यूबलाइटची गुणगुण, खुर्च्यांचं घासणं, बाजूच्याचा धक्का, न कळलेली सूचना, सगळं साठत जातं. घरी आल्यावर पेन्सिलचं टोक मोडतं आणि घर डोक्यावर घेतलं जातं. शाळा म्हणते, इथे तर काहीच त्रास नाही. मग घरच्यांनीच लाडावून ठेवलंय असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात घर ही त्या मुलाला फुटायला सुरक्षित वाटणारी एकमेव जागा असते.

चौथी गोष्ट कारणाच्या आकाराची. मोज्याची शिवण, नेहमीचा रस्ता बंद असणं, चित्र अर्धवट असताना ओढून नेणं ही कारणं आपल्याला क्षुल्लक वाटतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या निदानपुस्तिकेत, डीएसएम-५ मध्ये, आवाज, स्पर्श, प्रकाश अशा संवेदनांना अति तीव्र किंवा अति मंद प्रतिसाद हा ऑटिझमच्या निकषांत आला. त्यामुळे "एवढ्याशा आवाजाने काय होतंय" असं आपण म्हणतो तेव्हा आपण आपल्या कानाबद्दल बोलत असतो. ब्रिटनमधले ऑटिस्टिक संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये हे नेमकं पकडलं: न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. मुलाला आपल्या खुणा वाचता येत नाहीत, तशाच आपल्यालाही त्याच्या वाचता येत नाहीत.

हट्ट आहे की मेल्टडाउन?

ऑटिस्टिक मूलही मूलच असतं, तेही हट्ट करतं. हट्टात एक मागणी असते. मूल मधूनच डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतं की कुणाचं लक्ष आहे का, स्वतःला लागणार नाही याची काळजी घेतं आणि हवं ते मिळालं की काही क्षणांत शांत होतं. मेल्टडाउन म्हणजे ताण असह्य होऊन मुलाचं पूर्ण कोलमडणं. त्यात यातलं काही नसतं. जे हवं होतं ते हातात दिलं तरी मूल ते भिरकावतं. खोलीत कुणी असो वा नसो, फरक पडत नाही. स्वतःला इजा होतेय याचं भान राहत नाही. संपल्यावर मूल गळून जातं, झोपतं, कधीकधी काय घडलं ते त्याला आठवतही नाही.

ही व्याख्या कागदावर स्वच्छ दिसते, प्रत्यक्षात गोंधळ होतो. हट्टाने सुरू झालेलं प्रकरण दहा मिनिटांत मेल्टडाउनमध्ये जाऊ शकतं. शंका असेल तेव्हा मी मेल्टडाउन समजूनच वागते. हट्टाला एकदा जास्त माया मिळाली तर फारसं बिघडत नाही. पण पूर्ण कोलमडलेल्या मुलाला शिक्षा झाली किंवा खोलीत एकटं कोंडलं गेलं, तर ती भीती वर्षानुवर्षं राहते.

पायरी १: आधी दुखणं तपासा

वागण्याकडे वागणं म्हणून बघण्याआधी डॉक्टरांकडे जा. विशेषतः राग अचानक वाढला असेल, नवीन रूप घेऊन आला असेल किंवा रात्री होत असेल तर. कान, दात, घसा, पोट, डोकं. ऑटिस्टिक मुलांमध्ये बद्धकोष्ठता, झोपेच्या तक्रारी आणि अपस्मार यांचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं, आणि ज्याला बोलता येत नाही ते मूल पोटदुखी सांगणार कशी? मुलगी वयात येत असेल तर पाळीच्या तारखा आणि चिडचिडीचे दिवस शेजारी शेजारी मांडून बघा. चालू असलेल्या औषधांचे दुष्परिणाम विचारा.

शरीर कुठे बोलतंय ते नीट पाहा. एकाच कानावर मारून घेणं, जबड्यावर बुक्की, पोट टेबलाच्या कडेवर दाबणं, हनुवटीने टोचत राहणं ही बोट दाखवण्याचीच रूपं असतात. मोबाइलवर दोन-तीन छोटे व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात मूल तसं वागेलच असं नाही.

क्रम बदलू नका म्हटलं ते यासाठी. दाढ किडलेल्या मुलाला रागावर नियंत्रण शिकवत बसणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

पायरी २: दोन आठवडे वही

एक साधी वही घ्या. उपाय काहीही करू नका, फक्त लिहा. आधी काय घडलं, मग मुलाने काय केलं, त्यानंतर आपण काय केलं, हे तीन रकाने सगळेच सुचवतात. मी त्यात दोन वाढवले: "सकाळपासून काय काय झालं" आणि "शांत व्हायला किती वेळ लागला". पहिल्या रकान्यात फक्त आधीची पाच मिनिटं लिहिलीत तर वही तुम्हाला फसवेल, कारण राग उशिरा पोचतो.

आमच्या वहीतली एक नोंद अशी होती: "मंगळवार, ५.१०. खोडरबर सापडला नाही, डोकं भिंतीवर आपटलं, मी ओरडले, ४० मिनिटं." पुढच्या मंगळवारी आणि गुरुवारीही साधारण तशीच. खोडरबराचा काय संबंध, म्हणून मी "सकाळपासून"चा रकाना चाळला. त्या दोन वारी शाळेच्या बसमध्ये मदतनीस बाई बदललेल्या असायच्या आणि त्याला खिडकीऐवजी मधल्या सीटवर बसवत होत्या. दुपारी एक वाजता घडलेली गोष्ट पाच वाजता भिंतीवर आदळत होती. खिडकीची जागा परत मिळाली आणि ते दोन वार शांत झाले. सगळ्याच नोंदी इतक्या सरळ सुटल्या नाहीत; काहींचं कारण आम्हाला कधीच कळलं नाही.

लिहिताना निकाल देऊ नका. "मुद्दाम त्रास दिला" ही नोंद कामाची नाही. "ताट ढकललं, दोन्ही कान झाकले, टेबलाखाली गेला" ही कामाची. झोपेचे तास, शौचाला झालं की नाही, पाणी किती प्यायलं हेही लिहा.

पायरी ३: मुलाची शिडी बनवा

"काहीही कारण नसताना एकदम भडकतो" असं आपण म्हणतो. एकदम भडकणारी मुलं मला फार थोडी दिसली आहेत. बाकीच्यांच्या खुणा असतात, फक्त त्या आपल्या ओळखीच्या नसतात.

वहीतून आणि आठवणीतून पाच पायऱ्यांची शिडी काढा. माझ्या मुलाची अशी आहे. पहिली पायरी: मजेत, गुणगुणतो, सूर खालचा. दुसरी: गुणगुण चालूच, पण सूर वर चढतो, एकच प्रश्न परत परत विचारतो, उत्तर मिळालं तरी. तिसरी: शर्टाची कॉलर चावतो, चवड्यांवर चालतो, कानाच्या पाळ्या लाल होतात. चौथी: बोलणं बंद, "झालं हं" सुरू, आणि नजर दाराकडे. पाचवी: मनगट चावणं, डोकं आपटणं.

ही शिडी कागदावर काढून फ्रिजवर लावा. प्रत्येक पायरीसमोर मोठ्यांनी काय करायचं तेही लिहा. दुसऱ्या पायरीवर आम्ही सूचना अर्ध्यावर आणतो आणि मिक्सर, टीव्ही बंद करतो. तिसऱ्यावर चालू असलेलं काम सोडून देतो, गृहपाठ असो की आंघोळ. चौथ्यावर त्याच्याशी बोलायचं नाही, फक्त त्याच्या कोपऱ्याकडची वाट मोकळी करायची. त्या कोपऱ्यात जाड गोधडी, कानांवरचे हेडफोन आणि चावायची रबरी नळी असते. तो कोपरा शिक्षेची जागा होता कामा नये. एकदा जरी "जा, बस जाऊन तिथे" असं दटावून पाठवलंत, तर तो हातचा गेलाच म्हणून समजा.

लहान वाटेल अशी एक सूचना: दुसऱ्या पायरीवर येणारं पुटपुटणं, हात फडफडवणं, डुलणं थांबवू नका. ती मुलाची स्वतःची झडप आहे. "हात खाली" म्हणून आपण ती बंद करतो आणि मग वाफ कुठून निघाली याचं आश्चर्य करतो.

पायरी ४: "नको" आणि "थांब" सांगायची सोय

सगळ्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

१९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी एक साधी गोष्ट प्रयोगाने दाखवली: आक्रमक वागण्यातून मुलाला जे मिळतं, तेच मागण्याचा सोपा मार्ग शिकवला तर ते वागणं कमी होतं. ज्या मुलाला काम अवघड जातंय त्याला मदत मागायला शिकवा, ज्याला लक्ष हवंय त्याला लक्ष मागायला शिकवा. चावल्यावर समोरचं काम बंद होत असेल, तर "थांब" म्हटल्यावरही ते बंद झालं पाहिजे. तेही चावण्यापेक्षा लवकर आणि कमी कष्टात.

करायचं कसं? मुलाला झेपेल तो एकच मार्ग निवडा: हाताचा पंजा दाखवणं, "थांब" लिहिलेलं लाल कार्ड, बोलणारं बटण, टॅबलेटवरचं चित्र किंवा शब्द. सराव फक्त शांत वेळी करा. दोन माणसं लागतात. एकजण मुलाला किंचित नकोशी गोष्ट करतो, उदाहरणार्थ न आवडणारं ब्रशिंग पुढे करतो. दुसरा मागे बसून मुलाचा हात कार्डाकडे नेतो. कार्ड हातात पडलं की त्याच क्षणी ब्रश खाली. दिवसात आठ-दहा वेळा, एकेक मिनिट. हळूहळू मागचा हात कमी करत जा.

पहिले काही आठवडे प्रत्येक "थांब" पाळायचाच. "मग तो काहीच करणार नाही" ही भीती प्रत्येक पालकाला वाटते, मलाही वाटली होती. आठवडाभर त्याने खरंच सगळ्याला कार्ड दाखवलं, आंघोळीला, बुटांना, मला. मग आपला शब्द चालतो याची खात्री पटली आणि कार्डांची संख्या आपोआप उतरली. त्यानंतर वाट बघायची सवय लावता येते: कार्ड घ्या, "हो, थांबणार, अजून दोन घास" म्हणा, मग एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. औषध, सीटबेल्ट, रस्ता ओलांडणं अशा सूट न देता येणाऱ्या गोष्टींच्या वेळी कार्ड "दिसलं, कळलं" असं मोठ्याने म्हणा, शक्य तेवढं झटपट उरका आणि लगेच विश्रांती द्या. न बघितल्यासारखं करू नका.

छान बोलणाऱ्या मुलांनाही कार्ड लागतं. ताण वाढला की बोलणं सगळ्यात आधी जातं. "एरवी एवढं बोलतोस, आता तोंड नाही का?" हे वाक्य किती घरांत मी ऐकलंय. खरोखरच त्या क्षणी तोंड नसतं. आणि संवादाचं साधन, मग ते कार्ड असो की टॅबलेट, शिक्षा म्हणून कधीही काढून घेऊ नका.

पायरी ५: ठिणग्या कमी करा

वहीत जी कारणं तीनदा आली असतील त्यांतली दोनच निवडा. सगळं घर एका आठवड्यात बदलायला गेलात तर तो बदलच नवं कारण होईल. आवाज असेल तर हेडफोन, कपडे असतील तर टॅग कापून शिवण उलटी.

एका कामातून दुसऱ्यात जाणं हे बहुतेक घरांतलं मोठं दुखणं असतं. ऑटिस्टिक मुलाचं लक्ष एका गोष्टीत खोल रुतलेलं असतं. तिथून ते उपटून काढणं त्रासदायक असतं. "पाच मिनिटांत निघायचं" याला अर्थ नाही, कारण पाच मिनिटं दिसत नाहीत. वेळ दिसेल असं घड्याळ ठेवा. "आधी बूट, मग झोका" अशी दोन चित्रं लावा. अर्धं राहिलेलं काम ठेवायला एक खोकं करा, वर "उरलेलं" लिहा आणि परत आल्यावर तेच खोकं पहिलं उघडा. आमच्याकडे या खोक्याने जितकी भांडणं मिटवली तितकी कुठल्याच समजावण्याने मिटली नाहीत.

पायरी ६: स्फोट झालाच तर

या वेळी काही शिकवता येत नाही. फक्त सुरक्षितपणे पार पडायचं.

बोलणं जवळजवळ बंद करा. बोलायचंच तर दोन शब्द, खालच्या आवाजात: "मी आहे." प्रश्न नकोत, "माझ्याकडे बघ" नको, आकडे मोजून धमकी नको. समोर उभं न राहता बाजूला, हातभर लांब, मुलाच्या उंचीला बसा. दार अडवू नका, पण रस्त्याकडचं दार बंद असू द्या. दिवे मंद करा. काच, कात्री, जड वस्तू हळूच हलवा. भावंडांना दुसऱ्या खोलीत न्यायचं काम घरातल्या एका माणसाकडे आधीच ठरवून ठेवा. डोकं आपटत असेल तर भिंत आणि डोकं यांच्यात उशी सरकवा. हाताला चावलं तर झटका देऊन ओढू नका, जखम मोठी होते.

धरून ठेवणं हा शेवटचा उपाय आहे, आणि तोही जिवाला धोका असेल तरच, उदाहरणार्थ मूल गाडीखाली धावत असेल तर. पालथं पाडून धरणं, छातीवर किंवा पाठीवर वजन टाकणं यात श्वास कोंडून मुलांचे जीव गेलेले आहेत. घरी, शाळेत, थेरपीत कुणी तसं करत असेल तर ताबडतोब थांबवा. घट्ट मिठीने शांत होणारी मुलं असतात, पण ती मिठी मुलाने मागितलेली असावी.

बाहेर असाल तर लोक जमतात, सल्ले देतात. त्यांच्यासाठी एक वाक्य पाठ करून ठेवा: "तो ऑटिस्टिक आहे, जागा दिलीत तर बरं होईल." एवढं बोलून त्यांच्याकडे पाठ फिरवा. त्या वेळी तुमची गरज मुलाला आहे.

आणि स्वतःचा श्वास. माझे हात थरथरायचे. मी पायाचे तळवे जमिनीवर दाबून धरते आणि श्वास लांबवत सोडते. आवाज चढतोय असं वाटलं तर घरातल्या दुसऱ्या माणसाला खूण करून बाजूला होते. मी त्याच्यावर ओरडले आहे, एकदा हातही उगारला आहे. त्या दिवशी मेल्टडाउन दुप्पट लांबलं, आणि पुढे आठवडाभर मी जवळ गेले की तो खांदे आक्रसायचा.

पायरी ७: नंतरचे दोन तास

रडणं थांबलं म्हणजे संपलं असं नाही. अंग अजून तापलेलंच असतं, एखाद्या शब्दाने पुन्हा पेटू शकतं. पाणी, अंधारी खोली, आवडीचं पांघरूण. "आता सॉरी म्हण" हे त्याच दिवशी नकोच. मारलेल्या बहिणीसाठी काहीतरी करणं, सांडलेलं मिळून पुसणं हे दुसऱ्या दिवशी करता येतं. बहिणीला मात्र लगेच जवळ घ्या. तिला लागलेलं आहे, आणि "तो मुद्दाम करत नाही" एवढ्याने तिचं दुखणं थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी, मूल बरं असेल तेव्हा, कागदावर काड्यांची माणसं काढून प्रसंग रेखाटा. बोलण्यापेक्षा चित्रावर पुष्कळ मुलं मोकळी होतात. भावनांची नावं शिकवायची तर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांच्या तक्त्यापासून सुरुवात करू नका; शरीरापासून करा. "कान गरम झाले", "पोट घट्ट झालं", "हातात मुंग्या". ते जाणवायला लागलं की मगच "याला चिडणं म्हणतात". यात महिने जातात, कधी वर्षं.

जी मुलं फुटत नाहीत, त्यांच्याविषयी

काही मुलांचा राग बाहेर येतच नाही. ती बंद होतात: बोलणं थांबतं, हालचाल मंदावते, पांघरुणात गुंडाळून घेतात, हाक मारली तरी ढिम्म. याला शटडाउन म्हणतात. आतला ताण मेल्टडाउनइतकाच असतो, पण कुणाला त्रास होत नसल्याने कुणाचं लक्ष जात नाही, उलट "किती शांत" म्हणून कौतुक होतं. आपले त्रास झाकून इतरांसारखं वागायची सवय मुलींमध्ये जास्त आढळते, आणि त्यांचं निदानही अनेकदा उशिरा होतं. नखं कुरतडून रक्त काढणं, केस उपटणं, सकाळी पोटात दुखणं, शाळेचं नाव काढताच उलटी या त्यांच्या शिडीच्या वरच्या पायऱ्या असू शकतात. वही यांच्यासाठीही ठेवा. उपाय तेच: दुखणं तपासणं, मागण्या कमी करणं, "थांब"चा मार्ग देणं.

मदत कधी घ्यायची

डोक्याला मार लागून उलटी, सुस्ती, बेशुद्धी आली तर थेट रुग्णालयात. स्वतःला किंवा इतरांना वारंवार जखमा होत असतील, शिकलेली कौशल्यं मागे पडत असतील, किंवा किशोरवयात मूल अचानक गोठल्यासारखं, एकाच स्थितीत थिजून राहू लागलं तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. यातलं शेवटचं लक्षण कॅटाटोनियाचं असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत.

औषधांबद्दल थोडं. ऑटिझममधल्या तीव्र चिडचिडीसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रिस्पेरिडोनला २००६ मध्ये आणि अरिपिप्राझोलला २००९ मध्ये मान्यता दिली. ती ऑटिझमवरची औषधं नव्हेत. काही मुलांचे स्फोट त्यांनी कमी होतात, पण भूक आणि वजन वाढणं, सुस्ती हे परिणाम दिसतात, म्हणून वजन आणि रक्ततपासण्यांवर लक्ष लागतं. मनाने सुरू किंवा बंद करायची नाहीत. मुलाला औषध देणाऱ्या पालकांना जे दोष देतात, त्यांच्याशी मी वाद घालते. रोज रक्ताळलेलं कपाळ बघणाऱ्या आईला आधार लागतो. पण ज्या मुलाला अजून "थांब" म्हणायची सोयच नाही, त्याला फक्त गोळी देऊन थांबू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

शाळेसाठी एक पान

लांबलचक अहवाल कुणी वाचत नाही. एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि वर्गशिक्षक, खेळाचे शिक्षक, बसमधले मदतनीस, बदली शिक्षक सगळ्यांच्या हातात द्या. मुलाला काय आवडतं ते सगळ्यात आधी. मग त्याच्या खुणा, प्रत्येक खुणेला काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, आणि तुमचा फोन नंबर. दर सहा महिन्यांनी पान बदला, कारण खुणा बदलतात. कॉलर चावणं आमच्याकडे गेल्या वर्षी गेलं आणि त्याच्या जागी पेनाचं टोपण टकटक वाजवणं आलं. पण पानाच्या मधोमध, चौकटीत, इतकी वर्षं एक ओळ तशीच आहे: "तो 'झालं हं' म्हणाला, तर काहीही झालेलं नसतं. जे चालू आहे ते लगेच थांबवा."